दुष्काळाला गोडवा वर्ज्य?

आंब्याच्या दाट मिल्कशेकवर आइस्क्रीमचा गोळा ठेवलेली पुण्याची मस्तानी ललित लेखनात मराठी उन्हाळा म्हणून मिरवते. धाराशिवच्या उन्हाळ्याच्या वाट्याला मात्र आमची समीक्षा रिकामा हंडाच देते. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे खरेच. पण आमच्या भूम तालुक्याचा खवा शहरांच्या मिठाईत जातो, हेही तितकेच खरे. येथे दूध आटवून इतरांची तोंडे गोड करायची आणि येथल्या लेखकाने मात्र केवळ तहान लिहायची, हा कुठला न्याय? तुळजापुरात आंब्याच्या रसात आइस्क्रीम सोडून खाणारे पोर दुष्काळाशी प्रतारणा करीत नाही. तहान सोसलेल्यालाच गारव्याची चव अधिक कळते. ती चव नाकारणारी समीक्षाच खरी कोरडी.