आखूड नळीची लांबलेली गोष्ट

संरक्षण खात्याच्या बातम्या आपल्याकडे दोन तऱ्हांनी वाचल्या जातात. विमान किंवा क्षेपणास्त्र असेल तर पहिल्या पानावर, कौतुकाने. साधी बंदूक असेल तर आतल्या पानावर, ओझरत्या नजरेने. ३० डिसेंबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने सव्वाचार लाखांहून अधिक कारबाइन घेण्याचे करार केले. ही बातमी दुसऱ्या तऱ्हेने वाचली गेली. मला मात्र ती नांदेड-लातूरच्या घराघरांत नीट वाचली जायला हवी, असे वाटते.

करार २,७७० कोटी रुपयांचा. साधा भागाकार केला तर साहित्यासह एक कारबाइन सुमारे ६५ हजार रुपयांना पडते; बऱ्यापैकी मोटारसायकलीपेक्षाही स्वस्त. पुण्याची भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स या दोन कंपन्या ती पुरवणार आहेत. भारत फोर्जच्या वाट्याला २,५५,१२८ कारबाइन आल्या असून त्या पाच वर्षांत द्यायच्या आहेत. या कारबाइनचा आराखडा पुण्यातच, पाषाणच्या 'एआरडीई' या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेत तयार झाला. मग एवढ्या जवळची ही वस्तू जवानाच्या हाती पडायला इतकी वर्षे का लागावीत?

त्यासाठी आधी कारबाइन म्हणजे काय ते पाहू. हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही. जुन्या मराठीतली 'कडाबीन' ती हीच. लांब नळीची बंदूक घोड्यावर सांभाळणे अवघड, म्हणून घोडेस्वारासाठी आखूड नळीची बंदूक निघाली. आज घोडा गेला, पण अडचण राहिली. ट्रकचा ड्रायव्हर, रणगाड्यातला जवान, पाठीवर वायरलेस वागवणारा सिग्नलवाला यांना लांब रायफल अडचणीचीच. त्यात काश्मीरसारख्या ठिकाणी चकमक होते ती घरात, जिन्यात, बोळात. तिथे नळी चौकटीला अडली तर तेवढा क्षणही जिवावर बेततो.

नळी आखूड करणे मात्र दिसते तितके सोपे नाही. नळी कमी केली की दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते. गोळीचा वेग घटतो, तोंडाशी जाळ मोठा होतो, आवाज कानठळ्या बसवतो. यातून सुटायचा एक मार्ग म्हणजे पिस्तुलाचीच गोळी वापरायची. ब्रिटिशांनी १९५३ मध्ये स्वीकारलेली स्टर्लिंग या जातीची. तिचीच भारतीय आवृत्ती कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार झाली आणि ९ मि.मी.ची ती कारबाइन आपल्या जवानांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरली. तिच्या काळात ती चांगलीच होती. पण १९९० नंतर काश्मीरमध्ये समोर एके-४७ आली. पिस्तुलाची गोळी ना तितक्या लांब जाते, ना आडोसा तितका भेदते.

दुसरा मार्ग रायफलची गोळी आखूड नळीतून सोडण्याचा. आपल्या 'इन्सास' कुटुंबात रायफलीबरोबर कारबाइनही योजलेली होती. रायफल १९९० च्या दशकात सैन्यात दाखल झाली, कारबाइन मात्र लष्कराने स्वीकारली नाही. अमेरिकेने १९९४ मध्ये 'एम-४' ही कारबाइन घेतली आणि पुढे इराक-अफगाणिस्तानात ती सर्रास वापरली. तिलाही रणांगणाने सोडले नाही. १३ जुलै २००८ रोजी अफगाणिस्तानातल्या वानात येथे सतत मारा करताना काहींच्या बंदुका तापून अडकल्या. त्या लढाईत नऊ अमेरिकी सैनिक मारले गेले. कागदावरची बंदूक आणि तापलेली बंदूक यांत असे अंतर असते. म्हणून चाचण्या कडकच हव्यात, याबद्दल दुमत नाही.

आपल्याकडे वेळ गेला तो केवळ चाचण्यांत नव्हे. ४४,६१८ परदेशी कारबाइनची निविदा वर्षानुवर्षे घोळत राहिली आणि अखेर रद्द झाली. २०१८ मध्ये 'तातडीची खरेदी' म्हणून अमिरातीच्या कॅराकल कंपनीच्या ९३,८९५ कारबाइन निवडल्या. ती तातडीही २०२० मध्ये गुंडाळली गेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एआरडीईने छोट्या काडतुसाची जी तीन किलोंची कारबाइन बनवली होती, तिच्या लष्करी चाचण्यांचा शेवटचा टप्पा पार पडला. तिची काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यात होतात. आणि जानेवारी २०२१ मध्ये याच संस्थेने महूच्या इन्फन्ट्री स्कूलमधील लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांच्यासह 'अस्मी' हे मशीन पिस्तूल पुढे आणले, तेही चार महिन्यांत तयार करून. म्हणजे बुद्धी होती, हात होते. अडले होते ते फायलीत.

आता आपल्या भागाकडे येऊ. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, मुदखेडला केंद्रीय राखीव पोलिस दलाचे. लातूर-नांदेड रस्त्याने भल्या पहाटे जा. अहमदपूर, लोह्याच्या आसपास भरतीसाठी धावणारी पोरे दिसतील. सोयाबीनच्या भावावर घर चालत नाही, म्हणून कितीतरी आईबाप शिकवणीची फी भरून मुलाला मैदानावर पाठवतात. २०२२ पासून लष्करात ही मुले 'अग्निवीर' म्हणून चार वर्षांसाठी जातात आणि चारांपैकी फार तर एकालाच पुढे कायम ठेवले जाते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. अग्निवीराची नोकरी चार वर्षे. कारबाइनच्या पुरवठ्याला पाच. करार झाला त्या सुमारास भरती झालेला एखादा मुलगा शेवटची पेटी पोचायच्या आत गावी परतलेला असेल. मागच्या पिढीतल्यांनी तर अख्खी नोकरी जुन्या बंदुकीवर काढली. निविदा रद्द झाली तर कार्यालयात एक फाइल बंद होते. तिकडे ताबारेषेवर तीच जुनी बंदूक आणखी काही वर्षे खांद्यावर राहते.

देशी कारबाइन आली, ती पुण्यात घडली, याचा आनंद मलाही आहे. पण तेवढ्यावर थांबू नये. पुरवठ्याचे वेळापत्रक पाळले जाते का, सियाचीनच्या थंडीत आणि राजस्थानच्या वाळूत ती कशी वागते, तक्रार आली तर कारखाना दुरुस्ती करतो की ती दडपतो, हे संसदेत दरवर्षी विचारले गेले पाहिजे. आपले खासदार रेल्वेगाडी आणि पाण्यासाठी भांडतात, ते योग्यच आहे. मतदारसंघातली मुले ज्या बंदुकीच्या भरवशावर उभी राहतात, तिचा हिशेबही त्यांनी मागावा. आणि तो त्यांनी मागावा म्हणून आपण त्यांना विचारावे.