गोदामे वाढतील, कणग्यांचे काय?

सहकारी क्षेत्रात जगातील सर्वांत मोठी धान्यसाठवण व्यवस्था उभारण्याच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने ३१ मे २०२३ रोजी मान्यता दिली. पाच वर्षांत ७०० लाख टनांची नवी साठवणक्षमता, आणि तीही गावोगावच्या सोसायट्यांच्या आवारात, असे तिचे स्वरूप आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अकरा राज्यांतील ज्या अकरा संस्थांच्या प्रायोगिक गोदामांचे उद्घाटन झाले, त्यांत अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाईची संस्था होती. योजना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु देशात पिकणाऱ्या धान्यापैकी सुमारे ६० ते ७० टक्के धान्य शेतकऱ्याच्या घरीच साठविले जाते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. या धान्याची राखण कोणी व कशी करावयाची, हा प्रश्न नव्या गोदामांनी सुटणारा नाही. बीड जिल्ह्यात तर तो अधिकच तीव्र आहे.

बालाघाटाच्या माथ्यावरील पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर या भागांतील कोरडवाहू शेतकरी विकण्यासाठी धान्य साठवीत नाही. वर्षभर खाण्यासाठी आणि पुढच्या पेरणीसाठी साठवितो. खरिपाची बाजरी पदरात पडते न पडते तोच ऊसतोडीचा हंगाम उभा राहतो. मुकादमाची उचल घेतलेली असते, गाडी दारात येते, आणि परतीच्या पावसात सापडलेले धान्य पुरते वाळले आहे की नाही हे पाहण्यास सवड उरत नाही. पोती घरात रचून कुटुंब कारखान्याकडे निघते; मागे राहतात म्हातारी माणसे, नाहीतर केवळ कुलूप. रब्बीची ज्वारी त्यानंतर घरात येते आणि तिला संपूर्ण पावसाळा काढावा लागतो. किडीला हवी असलेली ओल, ऊब आणि निवांतपणा या दोन्ही काळांत तिला आयताच लाभतो.

या किडींपैकी सोंडकिडा घरोघरी ठाऊक आहे. पण त्याच्या मागोमाग येणाऱ्या एका चिमुकल्या चपट्या भुंगेऱ्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. शास्त्रज्ञ त्याला क्रिप्टोलेस्टिस म्हणतात. लांबी जेमतेम दीड ते अडीच मिलिमीटर, रंग लालसर तपकिरी, मिशा लांब, अंग कागदासारखे चपटे. झाडांच्या सैल सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या गोतावळ्यातला हा जीव. सालीच्या फटीत सरकण्यासाठी लाभलेला चपटेपणा त्याला पोत्याच्या शिवणीत आणि तडकलेल्या दाण्यात शिरण्यासही उपयोगी पडला. धान्याच्या व्यापाराबरोबर तो जगभर पोहोचला. रिकामे बारदान, मालमोटारीचा तळ, पिठाच्या गिरणीतील साचलेले पीठ, गोदामाच्या भिंतीची भेग ही त्याच्या प्रवासाची ठाणी होत.

त्याचे वैशिष्ट्य असे की, धड, अखंड आणि कोरडा दाणा त्याला सहसा फोडता येत नाही. सोंडकिड्याने पोखरलेला, मळणीत तडकलेला, ओलाव्याने मऊ पडलेला दाणा त्याला लागतो. अशा दाण्यात शिरून तो प्रथम अंकुराचा भाग खातो. दाणा वरून जवळजवळ शाबूत दिसतो, पण पेरला तर उगवत नाही. उष्ण व दमट हवेत त्याची एक पिढी तीनचार आठवड्यांत पुरी होते. संख्या वाढली की किड्यांच्या श्वसनाने धान्य तापते, आतली वाफ वरच्या थंड थरात साठते, तेथे बुरशी धरते आणि पोत्याला कुबट वास येऊ लागतो. म्हणजे हा भुंगेरा दिसू लागला, तर धान्य ओले भरले गेले, फुटके दाणे निवडले गेले नाहीत किंवा आधीची कीड मारली गेली नाही, हे ओळखावे. त्याच्यावर औषध शोधण्यापूर्वी त्याला बोलावणारी कारणे शोधावयास हवीत.

नुकसान किती होते? साठच्या दशकात पानसे समितीने काढणीपासून पुढे होणारी अन्नधान्याची नासाडी सुमारे ९.३ टक्के धरली होती. तीत कीटकांचा वाटा अडीच टक्क्यांचा होता, आणि उंदरांचाही जवळजवळ तेवढाच. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये दिलेले आकडे तृणधान्यांसाठी ४.६५ ते ५.९९ टक्के आणि कडधान्यांसाठी ६.३६ ते ८.४१ टक्के असे आहेत. मोजणीच्या पद्धती भिन्न असल्याने त्यांची थेट तुलना करू नये. मात्र सरासरीचा आकडा सर्वांना सारखा लागू पडत नाही, हे ध्यानात घ्यावे. व्यापाऱ्याच्या हजार पोत्यांतील पाच टक्के हिशेबात जिरतात; मजुराच्या चार पोत्यांतील एक पोते किडले, तर त्याच्या घरातील तीन महिन्यांची भाकर जाते.

अशा वेळी घाबरलेला माणूस दुकानातून गोळी आणतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून हवेतील ओलाव्याने फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. भारतात तिचा वापर शासकीय संस्थांनी आणि कीडनियंत्रण व्यावसायिकांनी, तज्ज्ञांच्या कडक देखरेखीखालीच करावा, असा नियम आहे. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर २००१ मध्ये पूर्ण बंदी आली. तरीही गोळ्या घरात पोहोचतात. हा वायू भिंतीच्या भेगांतून शेजारच्या खोलीत शिरतो, आणि त्यावर उतारा नाही. धान्यात ठेवलेल्या गोळ्यांमुळे झोपेतच माणसे, विशेषतः मुले, दगावल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत.

आणि एवढा धोका पत्करूनही कीड मरतेच असे नाही. फॉस्फिन हवाबंद जागेत अनेक दिवस कोंडून राहिला, तरच परिणाम साधतो. कुडाच्या किंवा पत्र्याच्या घरात तो काही तासांत निसटून जातो. दुबळे किडे मरतात, चिवट वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. फॉस्फिनला दाद न देणारे किडे १९७२-७३ च्या जागतिक पाहणीतच आढळले होते. ऑस्ट्रेलियात २००७ च्या सुमारास याच चपट्या भुंगेऱ्याची अतिशय प्रतिकारक्षम प्रजा सापडली आणि तेथील सुसज्ज कोठारांनाही धुरीचे वेळापत्रक नव्याने आखावे लागले. दुसरा प्रभावी वायू, मिथिल ब्रोमाइड, ओझोनच्या थराला घातक म्हणून, काही अपवाद वगळता, २०१५ पासून विकसनशील देशांतही बाद झाला. हाती उरलेले एक अस्त्र बेफिकिरीने बोथट करणे कोणत्याच देशाला परवडणारे नाही.

मग मार्ग कोणता? तो मराठवाड्याला अपरिचित नाही. जमिनीत खोदलेल्या पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिकत असे, ती हवाबंदपणामुळे. आतील प्राणवायू धान्याच्या व किड्यांच्या श्वसनाने संपे आणि कीड गुदमरून मरे. पेव उघडल्यावर ताबडतोब आत उतरू नये, हा दंडकही त्याच अनुभवातून आला. अर्थात कडेचे धान्य ओलीने खराब होई, म्हणून जुने ते सारे निर्दोष असे मानण्याचे कारण नाही. परंतु तेच तत्त्व अधिक निर्वेधपणे वापरणारी साधने आज उपलब्ध आहेत: दोन भिंतींमध्ये प्लॅस्टिकचा कागद घातलेली पुसा कोठी, घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी, अनेक पदरी हवाबंद पिशवी. यांतील कोणत्याही साधनात धान्य कोरडेच भरले पाहिजे: तृणधान्यात ओलावा सुमारे १२ टक्क्यांपेक्षा अधिक नको, कडधान्यात त्याहूनही कमी हवा. कोरड्या बाटलीत धान्य व कोरडे मीठ घालून हलवावे. मीठ काचेला चिकटले, तर धान्य अजून ओले आहे, एवढी साधी परीक्षा शाळेतील मुलांनाही करता येईल.

केंद्र सरकारने साठच्या दशकाच्या मध्यास धान्य वाचवा मोहीम सुरू केली, तेव्हा हेच शिक्षण खेड्यापर्यंत नेण्याचा हेतू होता. बीड जिल्ह्यात ते काम नव्याने हाती घेण्यास फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. अंबाजोगाई आणि गेवराई तालुक्यातील खामगाव येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. परभणीचे कृषी विद्यापीठ जवळ आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांस हंगामापूर्वी सवलतीत हवाबंद पिशव्या अथवा कोठ्या द्याव्यात. सोसायटीच्या प्रत्येक नव्या गोदामात ओलावामापक यंत्र ठेवून ते सर्वांना विनामूल्य वापरू द्यावे, आणि कुलूप लावून जाणाऱ्यांचे चारदोन पोती बियाणे पावती देऊन तेथे ठेवून घ्यावे. गोळ्यांच्या बेकायदा विक्रीवर कारवाई करावी. ७०० लाख टनांच्या योजनेत या खर्चाचा भार जाणवणारही नाही. मात्र तो केला नाही, तर गोदामे उभी राहूनही उसाच्या फडातून परतलेल्या मजुराला पोत्यात भुसाच सापडेल, आणि आपल्या घरचे धान्य पिठासाठी विकत आणण्याची पाळी त्याच्यावर येईल.