टाकी, पत्रा आणि उस्ताद

जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करायची म्हटली की लोक इंजिनाची काळजी करतात. खरे तर इंजिन त्या मानाने सोपे. येझदीचा पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा आजही मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत किंवा दिल्लीच्या करोल बागेत चार फोन केले की पार्सल येते. गाडी अडते ती टाकीपाशी. गेले वर्षभर मी एका येझदी रोडकिंगसाठी पेट्रोलची टाकी शोधत होतो. त्या शोधात जे कळले ते एका गाडीपुरते नाही, म्हणून हा लेख.

टाकी का मिळत नाही, याचे उत्तर ती कशी बनते यात आहे. पत्र्याचे तुकडे लोखंडी डायमध्ये ठेवून प्रेसखाली दाबतात, त्यांना आकार येतो, मग कडा वेल्डिंगने जोडतात. डाय महाग असते. हजारो टाक्या निघणार असतील तरच ती परवडते. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, तेव्हा मूळ टाकीही संपली. आपल्या शहराला हे काम नवे नाही. वाळूजमध्ये बजाजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला, त्याच्या आसऱ्याने पत्रा दाबणारी, जोडणारी, रंगवणारी किती वर्कशॉप उभी राहिली. पण एकच टाकी हवी असेल तर या अख्ख्या औद्योगिक वसाहतीचा उपयोग नाही. यंत्राला लाख नग लागतात, एक नग फक्त हात करू शकतो.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, बाजारात मिळणारी नवी नक्कल. दिसायला चकचकीत, पण मी पाहिलेल्या दोन्ही टाक्यांचा पत्रा पातळ होता आणि बसवायच्या पट्ट्या फ्रेमवरच्या जागेशी जुळत नव्हत्या. दुसरी वाट भंगाराची. पुण्याचा जुना बाजार झाला, मुंबईचा चोर बाजार झाला, आपल्याकडची गोदामेही पालथी घातली. इथे एक अडचण आहे. आरसी बुकात चेसिस आणि इंजिनाचा नंबर असतो, टाकीला तसा नंबर नसतो. ती कोणाच्या गाडीची हे सांगता येत नाही. म्हणून पावती घ्यावी आणि विकणाऱ्यानेही आग्रहाने द्यावी. भंगारवाल्याकडे आधीच संशयाने पाहिले जाते आणि त्याचे नाव आपल्यातले असेल तर जरा जास्तच. पावतीचा कागद त्याचीही ढाल आहे.

तिसरी वाट जुन्या शहरातल्या एका गल्लीत सापडली. सत्तरीकडे झुकलेले एक डेंटर. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी माझी गंजलेली टाकी उलटी केली, बोटाने वाजवली आणि म्हणाले, “नई टाँकी काय कू ढूंडते मियाँ? पेंदा सड्या है. बाकी पत्रा अच्छा है, पुराना है. पेंदा बदल देते.”

पुढे जे पाहिले ते लिहून ठेवण्यासारखे आहे. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ उरते आणि गॅसच्या ज्योतीने ती बॉम्बसारखी फुटते. उस्तादांनी ती साबणाच्या गरम पाण्याने अनेकदा धुतली, उन्हात वाळवली, पुन्हा धुतली. जोडताना जमेल तितके पाणी आत भरून ठेवले, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही. सडलेला भाग कापून नवा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकत त्यांनी पेंद्याचा बाक आणला. माप कागदावर नव्हते, डोळ्यांत होते. पितळेची झाळ दिल्यावर सायकलच्या पंपाने थोडी हवा भरून सांध्यांवर साबणाचा फेस फिरवला. दोन जागी बुडबुडे आले, तिथे पुन्हा झाळ. आतला गंज काढायला नट आणि खडी टाकून टाकी तासभर हलवली. पुट्टीला हात लावला नाही. पुट्टीने लपवलेले भोक पुन्हा रडायला लागते, हे त्यांचे म्हणणे.

हे कौशल्य आता पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पाणी तळाशी बसते आणि टाकी आतून गंजते. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली, अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. म्हणजे वारसा जपा असे सरकार सांगते. पण वारसा ज्या हातांनी जपला जातो, त्या हातांचे काय?

‘पीएम विश्वकर्मा’ योजना सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली. तिच्यात 18 व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी, न्हावी, कुलूप बनवणाराही आहे. गाड्यांचा डेंटर नाही, मोटार मेकॅनिक नाही. औरंगाबादची हिमरू म्हटली की सगळ्यांना कला आठवते; टाकीचा बाक हाताने काढणारा मात्र ‘ठोकाठोकी करणारा’. सच्चर समितीने 2006 मध्येच दाखवून दिले होते की मुस्लिमांचे मोठे प्रमाण स्वयंरोजगारात आहे आणि वाहनांची विक्री-दुरुस्ती हे त्यातले ठळक क्षेत्र. या माहितीचा धोरणासाठी फार वापर झाला नाही, टोमण्यासाठी मात्र झाला. समाजमाध्यमांवर ‘पंक्चरवाला’ ही शिवी झाली आहे. ज्याच्यावाचून रस्त्यात आपली गाडी हलत नाही, त्याच्या कामाची शिवी व्हावी, हे आपल्या काळाचे लक्षण आहे.

पण सगळा दोष बाहेरच्यांचा नाही. उस्तादांना दोन मुलगे. एक वाळूजला कंत्राटी कामगार, दुसरा पार्सल पोचवतो. हातोडी कोणीच घेतली नाही. का, तर “हात काले, इज्जत नई.” ही इज्जत आपल्याच घरांनी काढून घेतली आहे. लग्नाच्या बोलणीत मिस्त्री म्हटले की चेहरे बदलतात. हजरत दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि त्यांना चिलखत घडवायला शिकवले, असे कुरआन सांगते. हाताच्या कमाईचा घास सर्वांत उत्तम, हे हदीसमध्ये आहे. जुम्म्याच्या बयानात आपण हे ऐकतो आणि बाहेर येऊन डेंटरशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो.

डेंटरच्या मुलाने डेंटरच व्हावे, असे मी म्हणत नाही. त्याने डॉक्टर व्हावे, इंजिनीअर व्हावे. गरिबीला परंपरेचे नाव देऊन तिचे कौतुक करणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय आहे. माझे म्हणणे एवढेच की हा हुन्नर सोडायचा तर तो निवडीने सुटावा, अपमानाने नाही. आणि ज्याला शिकायचा आहे त्याला तो शिकता यावा.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे. आयटीआयमध्ये शीट मेटलचा अभ्यासक्रम आहेच. तिथे अशा उस्तादांना मानधन देऊन शिकवायला बोलवावे. अनुभवाने शिकलेल्यांना प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे. आपल्या संस्थांनी गल्लीगल्लीत जाऊन त्यांचे अर्ज भरावेत. जकातीतून फी भरली जाते तशी एखाद्या गरजू तरुणाला गॅस वेल्डिंगचा संच, चष्मा आणि हातमोजेही मिळावेत. विश्वकर्माच्या यादीत वाहन दुरुस्तीची मागणी लोकप्रतिनिधींकडे लावून धरावी. आणि आपण ग्राहकांनी मजुरी रंगाच्या बिलाबरोबरीने मोजावी. माझ्या टाकीच्या रंगाला जेवढे पैसे लागले, त्याच्या निम्मेही उस्तादांनी मागितले नव्हते. मी रंगाइतकेच दिले. ते बराच वेळ नोटा हातात घेऊन उभे होते.

येझदीची डाय भंगारात गेली तरी टाकी होऊ शकली, कारण एक माणूस अजून काम करतो आहे. तो थांबला की कितीही पैसे मोजले तरी ती टाकी मिळणार नाही.