बेल्जियमचे धर्मगुरू, चमचाभर दूध आणि दूर्वांची जुडी

नोव्हेंबर 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी व्हॅटिकनमध्ये शास्त्रज्ञांपुढे भाषण केलं. विश्व प्रसरण पावतंय, म्हणजे कधीतरी त्याची सुरुवात झाली असणार, आणि सुरुवात आहे म्हणजे निर्माता आहेच, असा त्या भाषणाचा सूर होता. त्यामुळे अस्वस्थ झालेल्यांत जॉर्ज लमेत्र होते. बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठाचे हे प्राध्यापक स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, आणि 1927 साली प्रसरणशील विश्वाचं गणित मांडणारेही तेच. आज जिला महास्फोट म्हणतात, ती कल्पना त्यांनीच 1931 मध्ये ‘आद्य अणू’ या नावाने पुढे आणली होती.

खुद्द पोप आपल्या सिद्धान्ताला उचलून धरताहेत म्हटल्यावर दुसरा कुणी हरखून गेला असता. लमेत्र यांनी उलट आपली नापसंती वर पोहोचवली. हा सिद्धान्त ईश्वराच्या प्रश्नापासून पूर्ण वेगळा आहे, आस्तिकाने आणि नास्तिकाने तो आपापल्या जागी राहून तपासावा, ही त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरली, तेव्हा पोप पुन्हा बोलले, पण तो दावा त्यांनी परत केला नाही.

देव मानणारा माणूस अविवेकी असतोच का, हा वाद निघाला की लमेत्र आठवावेत. ते धर्मगुरू असूनही शास्त्रज्ञ होते, एवढ्यावर हा मुद्दा संपत नाही. आपल्या श्रद्धेला विज्ञानाचा उसना गणवेश चढवायला त्यांनी नकार दिला, हे अधिक मोलाचं आहे.

त्यांच्या समोरच्या बाजूला केंब्रिजचे फ्रेड हॉईल होते. ‘बिग बँग’ हा शब्द 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर त्यांनीच वापरला, तोही हा सिद्धान्त नाकारताना. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्यं कशी घडतात, हे उलगडणाऱ्यांत हॉईल अग्रभागी होते. आपल्या जयंत नारळीकरांचे ते गुरू. कुठल्याही चर्चचा दबाव त्यांच्यावर नव्हता. तरी 1985 च्या सुमारास त्यांनी आर्किऑप्टेरिक्स या आद्यपक्ष्याचं लंडनमधलं जीवाश्म बनावट असल्याचा आरोप केला. पिसांचे ठसे मागाहून उमटवले आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी दगडाच्या दोन्ही फाका जवळून तपासल्या. केसासारख्या बारीक भेगा पिसांच्या ठशांतून आरपार गेलेल्या होत्या, आणि एका फाकेवरची भेग दुसरीवरच्या भेगेशी तंतोतंत जुळत होती. वरून लेप देऊन ठसे उमटवले असते, तर त्या भेगा लेपाखाली बुजल्या असत्या. हॉईल मात्र मागे हटले नाहीत. आपल्या मतावर प्रेम जडलं की बुद्धिमान माणूसही पुरावा बाजूला सारतो, आणि त्यासाठी देवाची गरज पडत नाही.

1979 चं भौतिकशास्त्राचं नोबेलही इथे बोलकं आहे. ते शेल्डन ग्लॅशो यांच्यासह अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांना मिळालं. सलाम श्रद्धाळू मुसलमान, स्टॉकहोमच्या मेजवानीतल्या भाषणातही कुराणाचा दाखला देणारे. वाइनबर्ग धर्मावर उघड टीका करणारे नास्तिक. विद्युतचुंबकीय आणि क्षीण बलांच्या एकीकरणाचं गणित दोघांनी स्वतंत्रपणे मांडलं आणि ते जुळलं. समीकरणाच्या कुठल्याही ओळीवरून ती आस्तिकाची की नास्तिकाची, हे ओळखता येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. प्रयोगशाळेत पुरावा मागायचा आणि देवघरात मागायचा नाही, ही बुद्धीची फाळणीच नाही का? देवघरातून तपासण्याजोगा दावा केला जात असेल, तर हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. 21 सप्टेंबर 1995 चा दिवस कित्येक वाचकांना आठवत असेल. गणपती दूध पितो, ही बातमी दिल्लीहून निघाली आणि त्याच दिवशी लंडनच्या साउथॉलपर्यंत रांगा लागल्या. भरलेला चमचा सोंडेला टेकवून किंचित कलता केला की पृष्ठताणामुळे दूध कडेवरून ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर तो थर दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि ओघळ सर्वांना दिसला. हे दिसल्यावरही जो चमत्कारालाच धरून बसला, त्याने विवेक सोडला. ज्याने हसून चमचा खाली ठेवला आणि संध्याकाळी नेहमीसारखी आरती म्हटली, त्याने काहीच सोडलं नाही.

नारळीकरांनी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांबरोबर ज्योतिषाची चाचणी घेतली, तीही याच न्यायाने. हुशार आणि मतिमंद मुलांच्या मिळून 200 कुंडल्या गोळा केल्या आणि कुठली कुणाची, एवढंच विचारलं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही ही रेघ आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं त्यासाठी झगडा केला, आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही. तो रोखतो ती फसवणूक आणि अघोरी छळ.

परदेशातल्या मराठी घरांना आज धोका आहे तो पोपच्या 1951 च्या चुकीचा. शिकलेली, इंजिनिअर झालेली माणसं व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नासानेही मान्य केलं’ असे निरोप ढकलत राहतात. घंटेच्या नादाने जंतू मरतात, अमुक मंत्राच्या कंपनांनी पेशी दुरुस्त होतात. हे लिहिणाऱ्याला आपल्या परंपरेची लाज वाटते, म्हणून तो तिला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र शोधत असतो. शाळेत विज्ञान शिकणारं पोर हे दोन मिनिटांत पडताळून पाहतं. मग एका खोट्या दाव्यासोबत ते गणपती, आजी आणि मराठी अशी सगळीच मोट बाजूला टाकतं. हे नुकसान भरून निघणं फार अवघड आहे.

भाद्रपदात मंडळाच्या हॉलवर दूर्वांच्या जुड्या बांधायला बसलेलं दहा वर्षांचं मूल विचारतंच, एकवीसच का? दूर्वा ऑक्सिजन सोडतात, हे उत्तर तयार असतं. त्याऐवजी जवळ बसलेल्या काकूंनी सरळ सांगावं की ही एक गोष्ट आहे, तिला पुरावा नाही, पण ती आम्हाला प्रिय आहे: अनलासुर नावाचा राक्षस होता, गणपतीने त्याला गिळलं, पोटात आगीचा डोंब उसळला, काही केल्या शमेना, शेवटी ऋषींनी एकवीस दूर्वा आणून त्याच्या डोक्यावर ठेवल्या. मग मूल हातातली जुडी मोजत विचारेल, ‘आणि वीसच असत्या तर?’