दिलेला शब्द आणि थकलेले बिल

बायबलच्या शिकवणीत सचोटीची कसोटी व्यवहारात लागते: स्तोत्रसंहितेतील 15व्या स्तोत्रात स्वतःचे नुकसान सोसूनही शपथ पाळणारा मनुष्य देवाच्या सान्निध्यास पात्र ठरतो, तर लेवीय 19 आणि अनुवाद 24 या अध्यायांत मजुराचे वेतन अडवून ठेवण्यास मनाई आहे. मोहोळच्या ऊसपट्ट्यात या आज्ञेचा दर हंगामात कस लागतो. मुकादम, म्हणजे तोडणी टोळीचा म्होरक्या, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेऊन मजूर आणण्याचा शब्द देतो. शेतकरी वजनकाट्याची पावती जपून साखर कारखान्याकडून मिळणाऱ्या ऊसबिलाची वाट पाहतो. 1966च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून 14 दिवसांत पैसे देणे आणि विलंब झाल्यास वार्षिक 15 टक्के व्याज देणे बंधनकारक आहे. परंतु अशी तरतूद शब्द मोडल्यानंतरच कामी येते. उचल घेऊन टोळी न आणणारा मुकादम असो किंवा बिल थकवणारा कारखाना, दोघांचा दोष एकाच मापाने मोजला पाहिजे. मत्तय 5मध्ये येशू शपथांऐवजी साध्या होकार-नकाराचा आग्रह धरतो. त्या आग्रहाचा व्यावहारिक अर्थ असा, की जेवढे निभावता येईल तेवढेच कबूल करावे आणि कबूल केलेले तगादा लागण्यापूर्वी चुकते करावे.