झोपेंत दांत खाणाऱ्या मुलास रागावूं नका

झोपेंत दांत खाणाऱ्या मुलाची वसतिगृहांत थट्टा होते आणि घरीं त्याच्या पोटांत जंत झाल्याचें निदान होतें. कोणी त्यास हलवून जागें करितात, तर कोणी सकाळीं दरडावतात. यांपैकीं एकाही उपायानें दुसऱ्या रात्रीचा करकर आवाज थांबत नाहीं, हा सर्वांचाच अनुभव आहे.

याचें कारण उघड आहे. वैद्यकशास्त्र या प्रकारास ब्रक्सिझम असें म्हणतें. रात्रीं झोप मधूनमधून क्षणभर उथळ होते; त्या वेळीं जबड्याचे स्नायू आपोआप आवळले जातात व दांत एकमेकांवर घासतात. झोपलेल्यास याची जाणीवही नसते. जें मूल जाणून करीत नाहीं, त्याबद्दल त्यास शिक्षा करणें हा न्याय नव्हे.

जंतांमुळें दांत खाल्ले जातात, असें सिद्ध झालेलें नाहीं. २०१५ सालापासून आपल्या देशांत १ ते १९ वर्षांच्या मुलांस शाळांतून व अंगणवाड्यांतून जंतनाशक गोळी देतात. ती अवश्य घ्यावी, परंतु ती जंतांसाठीं आहे. दांत वेडेवांकडे बसल्यामुळें ही संवय लागते, असें एके काळीं दंतवैद्यही मानीत. तें मतही आतां मागें पडलें आहे.

मग पालकांनीं स्वस्थ बसावें काय? लहान मुलांत ही संवय पुष्कळ आढळते व वय वाढतें तशी बहुधा आपोआप जाते; म्हणून भिण्याचें कारण नाहीं. मात्र मूल घोरत असेल, तोंडानें श्वास घेत असेल, तर डॉक्टरांस दाखवावें. श्वासाचा अडथळा हेंही या संवयीमागें असूं शकतें. सकाळीं जबडा किंवा कानशिलें दुखत असतील, दांत झिजलेले दिसत असतील, तर दंतवैद्यांकडे जावें. दांतावरील कठीण कवच एकदां झिजलें कीं पुन्हां उगवत नाहीं. मोठ्या माणसांस रात्रीं दांतांवर बसविण्याचें आवरण देतात. तें दांतांचें रक्षण करितें, संवय मोडीत नाहीं.

आतां माझें खरें सांगणें. दांत खाणारें प्रत्येक मूल चिंतेंत असतेंच असें नाहीं. परंतु मनावरील ताण हें याचें एक मान्य कारण आहे. परीक्षा जवळ आली कीं जेवतांना गुणांची चौकशी, निजतांना शेजारच्या मुलाशीं तुलना, आणि मध्यरात्रीपर्यंत चहाच्या आधारानें जागरण, हें आपल्या घरोघरीं चालतें. दिवसभर मुलाचा जबडा आपणच आवळावयाचा आणि रात्रीं तो सुटत नाहीं म्हणून त्यालाच बोल लावावयाचा, हें कितपत योग्य? आम्हां शिक्षकांसही हा प्रश्न लागू आहे.

विद्यार्थिमित्रहो, गणित सोडवितांना किंवा मोबाइलवर खेळतांना आपले दांत एकमेकांवर दाबलेले आहेत काय, हें मधूनमधून पाहा. ओंठ मिटलेले, दांत किंचित् सुटे आणि जबडा सैल, ही त्यांची विश्रांतीची रीत होय. संध्याकाळनंतर चहा टाळा, ठरल्या वेळीं निजा, आणि दांत खाणाऱ्या सोबत्यास हसूं नका.

आणि पालकांस एवढीच विनंती, कीं निजण्यापूर्वींचा अर्धा तास तरी गुणांचा विषय काढूं नये. औषध नसलेला हा उपाय कोणत्याही मुलास अपाय करणार नाहीं.