पत्रांतली शेती आणि सात-बाऱ्यावरचे नाव



मोबाइल येण्याआधी खेड्यातल्या घराघरांत आलेली पत्रे तारेला टोचून ठेवलेली असत. पोस्टकार्डे, आंतरदेशीय पत्रे, एखादे पाकीट. घर नवे बांधताना किंवा म्हातारे माणूस गेल्यावर हा गठ्ठा बहुधा चुलीत जातो. खरेदीखत, सात-बारा, सोसायटीच्या कर्जाची पावती मात्र पत्र्याच्या ट्रंकेत, कुलपात राहते. कोणता कागद जपायचा आणि कोणता जाळायचा, हे घरात कोण ठरवते? प्रश्न साधा वाटतो, पण बाईच्या जमिनीच्या हक्काशी त्याचा जवळचा संबंध आहे.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यापुरते पाहू. इथली बागायत शेती आपोआप झालेली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीच्या कालव्यांचे पाणी कोपरगावकडे आले. १९२६ साली अकोल्याच्या आदिवासी डोंगराळ मुलखात भंडारदरा धरण पुरे झाले आणि प्रवरेचे पाणी खाली राहुरी, श्रीरामपूर, नेवाशाकडे वळले. सासवडकडची माळी कुटुंबे ऊस लावायला कालव्याकाठी येऊन राहिली. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना झाला. हा इतिहास पुस्तकांत आहे. तो अर्थात पुरुषांच्या नावांनी लिहिलेला आहे.

पण उघड्या माळावर वस्ती उभी राहते म्हणजे काय होते? कुडाचे छप्पर कोण सारवते? पाटाच्या पाण्याची पाळी रात्री दोनला आली, तर कंदील घेऊन बाऱ्याला कोण उभे राहते? बेणे तोडणे, खुरपणी, गुऱ्हाळावरच्या माणसांच्या भाकरी, गोठा आणि मध्येच एक बाळंतपण, तेही सुईणीपासून कोसभर लांब. याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात नाही, कारखान्याच्या अहवालात नाही. ती असलीच तर वस्तीवरून गावी धाडलेल्या पत्रांत आहे.

ही पत्रे वाचायला मात्र शिकावे लागते. ‘तीर्थरूप’पासून सुरुवात, मग ‘इकडील सर्व क्षेम’. पत्र बहुधा घरातला पुरुष लिहितो किंवा शाळेत जाणारा मुलगा. बाई चुलीपुढून सांगते, ते शेवटच्या दोन ओळींत, कडेच्या कोऱ्या जागेत मावते. गाय व्याली. कांद्याचे रोप गेले. हात फार भरून येतात. धाकटीला पंचमीला न्यायला या. ‘क्षेम’ या शब्दाखाली किती उपास, किती मार आणि किती जागरणे झाकलेली असतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. लेकीने माहेरी लिहिलेले पत्र आधी सासरी वाचले जाई. म्हणून जे लिहिले आहे त्याइतकेच जे लिहिलेले नाही तेही वाचायला हवे.

आणि जेव्हा बाई स्वतःच्या हाताने लिहिते, तेव्हा काय घडते? आपल्याकडे याचे मोठे उदाहरण सावित्रीबाई फुल्यांचे आहे. जोतिरावांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांपैकी १८७७ सालचे पत्र नगर जिल्ह्याच्या शेजारच्याच जुन्नर भागातल्या ओतूरहून लिहिलेले आहे. त्यात नवऱ्याची खुशाली विचारण्यापुरता मजकूर नाही. दुष्काळाने माणसे आणि जनावरे कशी हवालदिल झाली आहेत, लोक गाव सोडून कसे चालले आहेत आणि सत्यशोधक कार्यकर्ते काय करत आहेत, हे त्या कळवतात. ते घरगुती पत्र आहे, म्हणून ते इतिहासाचे साधन होत नाही असे कोण म्हणेल?

लांबचे एक उदाहरणही आपल्या उपयोगाचे आहे. अमेरिकेत १८६२ साली एक कायदा झाला. गवताळ मुलखातली १६० एकर सरकारी जमीन मागायची, पाच वर्षे तिथे राहून ती कसायची, म्हणजे ती तुमची. अविवाहित बाई, विधवा, घटस्फोटिता यांनाही हा अर्ज करता येई. नवऱ्याच्या घरी नांदणाऱ्या बाईला सहसा येत नसे. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी एलिनोर प्रुइट ही बाई लहान मुलीला घेऊन १९०९ साली वायोमिंगला गेली आणि तिने जमिनीसाठी अर्ज केला. आपल्या जुन्या मालकिणीला तिने तिथून लिहिलेली पत्रे १९१४ साली पुस्तकरूपाने निघाली. कष्ट करणाऱ्या गरीब बायकांनी जमीन घ्यावी, असे ती हौसेने लिहिते. पण शेजारच्या शेतकऱ्याशी तिने लग्न केले होते, आणि पुढे १९१२ साली आपल्या जमिनीवरचा दावा तिने सोडला. ती जमीन सासूच्या नावे मागण्यात आली. सात समुद्रांपलीकडची ही गोष्ट आपल्याला किती ओळखीची वाटते! आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. सरकारने वाटलेली ती जमीन मुळात तिथल्या आदिवासींकडून हिसकावून घेतलेली होती. एका बाईचे स्वातंत्र्य दुसऱ्या बाईच्या विस्थापनावर उभे असेल, तर तेही पत्रांच्या ओळींमधून शोधावे लागते.

आपल्या जिल्ह्यातही कालव्याच्या पाण्याला अशीच दुसरी बाजू आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतून नवरा-बायकोची जोडी ‘कोयता’ म्हणून कारखान्यावर जाते. उचल नवऱ्याच्या हाती पडते, मोळ्या मात्र दोघे वाहतात. त्या बाईच्या पत्राला ना घराचा पत्ता, ना पोस्टपेटी. तिची खुशाली निरोपाने जायची, आता फोनने जाते. ती कुठेही टिकत नाही.

आता मुद्द्याचे. घरातल्या बाईचे एकच पत्र सरकारदरबारी आणि भावांच्या ट्रंकेत जपून ठेवले जाते. ते म्हणजे हक्कसोडपत्र. त्यावर तिची सही किंवा अंगठा अगदी स्पष्ट असतो. भाऊबीजेचे लुगडे, माहेरचा उंबरा आणि ‘बहीण चांगली आहे’ एवढे शब्द, याच्या बदल्यात लाखांची जमीन सुटते.

कायदा मात्र बदलला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद गेला. वडील त्या वेळी हयात असायलाच हवेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र त्यामुळे उलटत नाहीत. बायकोचे काय? नवरा जिवंत असताना त्याच्या शेतीवर तिचे नाव आपोआप लागत नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने याच ठिकाणी बोट ठेवले आणि १९९२ साली शासनाने नवऱ्याच्या अर्जावर बायकोचे नाव लावण्याची वाट मोकळी केली. त्याआधी १९८८ साली संगमनेरच्या परित्यक्ता परिषदेत टाकलेल्या बायका घर आणि पोट यांचा हक्क मागायला उभ्या राहिल्या होत्या. इतके होऊनही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांमध्ये बायका जेमतेम १४ टक्के आहेत. श्रीरामपूर भागात कंपन्यांना खंडाने दिलेल्या आणि नंतर शेती महामंडळाकडे गेलेल्या जमिनी पिढ्यांच्या लढ्यानंतर वारसांना परत मिळू लागल्या, तेव्हा त्या वारसांत लेकींची नावे किती लागली, हे आपल्या गटांनी गावोगाव जाऊन विचारण्यासारखे आहे.

पत्राने सात-बारा बदलत नाही, हे खरे. पण ‘तिने काय केले? ती तर घरीच होती’ या वाक्याला पत्र उत्तर देते. कोण कुठे राहत होते, शेत कोण कसत होते, दागिना कोणत्या विहिरीसाठी मोडला, हे तारखेसह त्यात असते. पोटगीच्या, वाटपाच्या, वारसनोंदीच्या भांडणात असा कागद वकिलाला दाखवायलाच हवा. आणि कोर्टाबाहेरही त्याचे मोल आहे. आपल्या आजीने ही जमीन केली, हे ज्या नातीने वाचले आहे, ती हक्कसोडपत्रावर डोळे मिटून सही करणार नाही.

म्हणून गटांना आमची विनंती आहे. एक बैठक पत्रवाचनाची घ्या. जिच्याकडे पत्रे आहेत तिने ती आणावीत, जिला वाचता येत नाही तिला ती वाचून दाखवावीत. मागे पेन्सिलीने लिहून ठेवा : कोणी लिहिले, कोणी सांगितले, कुठून, केव्हा. पोस्टाचा शिक्का पुसट असेल तर वर्ष म्हाताऱ्यांना विचारा. फोटो काढा, पण मूळ पत्र तिच्याकडेच राहू द्या. त्यातल्या खासगी गोष्टी तिच्या परवानगीशिवाय गटाबाहेर जाता कामा नयेत. ज्यांच्या घरी कधी पत्र लिहिलेच गेले नाही, त्या म्हाताऱ्या बायकांकडून आजच सांगून घ्या आणि तारीख घालून लिहून काढा.

चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव २०२४ साली जिल्ह्याला मिळाले. कागदोपत्री राज्य चालवणारी ती बाई होती. तिच्या जिल्ह्यातल्या बाईचे नाव तिने कसलेल्या जमिनीच्या कागदावर लागेल, तेव्हाच त्या नामांतराला अर्थ येईल. तोवर चुलीकडे निघालेला पत्रांचा गठ्ठा अडवा. आणि सही करण्याआधी कागद पुरता वाचा.